धर्मांचा अभ्यास करून पोट भरतं का? गोव्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दर वर्षी रिझल्ट लागले की मला चार-पाच मेसेज हमखास येतात. मजकूर साधारण तोच. "मॅडम, मला धर्मांचा अभ्यास करायचाय, इंटरफेथ डायलॉग वगैरे आवडतं, पण घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, भट होतोस का पाद्री ते आधी ठरव." प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी फोंडा तालुक्यातली. घरात देवळाचं म्हाजनपण, म्हणजे कारभाराचा वंशपरंपरागत मान, शेजारचं घर कॅथलिक, दोन्ही घरांच्या मधे एक फणस, आणि तो कोणाचा ह्यावर तीन पिढ्या वाद. एमए फिलॉसॉफीत, ताळगावच्या पठारावर म्हणजे गोवा युनिव्हर्सिटीत, मग नेट ही प्राध्यापकीची परीक्षा, मग लेक्चर बेसिसवर चार वर्षं, त्यातच रडतखडत पीएचडी, आणि आता एका कॉलेजात पर्मनंट. विषय म्हणजे गोव्यातली अशी देवस्थानं नि फेस्तं (चर्चचे उत्सव) जिथे दोन धर्मांची माणसं एकाच रांगेत उभी असतात. मी काही मोठी विदुषी नाही, पण ठेचा भरपूर खाल्ल्यात, त्या तुम्ही खाऊ नयेत एवढंच.

पोट भरतं का, तर भरतं. उशिरा भरतं. तिशीपर्यंत मित्रमैत्रिणी गाड्या घेतील नि तुम्ही कदंबा बसचा पास काढत असाल, हे आधीच मान्य करून टाका.

पहिलं काम म्हणजे स्वतःला एक प्रश्न विचारा. तुम्हाला धर्म सांगायचाय, धर्म अभ्यासायचाय, की धर्मवाल्यांना एकत्र बसवायचंय? ही तीन वेगवेगळी कामं आहेत नि लोक त्यांची खिचडी करतात. सांगायचा असेल तर कीर्तन शिका, मदरशात जा, राशोलच्या सेमिनारीत म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत जा, उत्तम मार्ग आहेत, त्यात कमीपणा काही नाही. अभ्यासायचा असेल तर युनिव्हर्सिटी. आणि एकत्र बसवायचं असेल तर युनिव्हर्सिटी प्लस पायपीट, कारण बसवणाऱ्याला आधी दोन्हीकडची वाट माहीत लागते. ह्या लेखात मी दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दलच बोलतेय. तुम्ही कुठल्या धर्माचे आहात, किंवा कुठल्याच नाही, ह्याने काही अडत नाही, पण जे आहात ते लपवू नका. "मी न्यूट्रल आहे हो" म्हणणाऱ्याला गावात कोणी खरं सांगत नाही. तुमचं आडनाव ऐकूनच लोकांना अर्धं कळलेलं असतं, उगाच कशाला नाटक.

आता, गोव्यातून हे होतं का असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी धर्मानंद कोसंबी, पालीचे नि बौद्ध धर्माचे अभ्यासक. नाव ऐकलंय बहुतेकांनी, पण ते मुलगा, इतिहासकार दामोदर कोसंबींमुळे. वडिलांची गोष्ट त्याहून अचाट आहे. जन्म १८७६, सांखवाळ. शाळा धड नाही. मराठी 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं नि डोक्यात ते एकच बसलं, मग घरदार, बायको, लहान मुलगी मागे ठेवून निघाले, पुणे, ग्वाल्हेर, काशीत संस्कृत, नेपाळ, बोधगया, तिथून सिलोन (श्रीलंका), तिथे १९०२ मध्ये श्रामणेर म्हणजे नवशिका भिक्षू होऊन पालीचा अभ्यास, मग ब्रह्मदेश. पुढे कलकत्त्यात पाली शिकवायला लागले, सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले ते महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून, १९१० मध्ये हार्वर्ड, 'विसुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी, परत आल्यावर १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये पाली, नंतर पुन्हा हार्वर्ड, मधे लेनिनग्राड. सांखवाळच्या माडाच्या बागेतून हार्वर्डपर्यंत, आणि हे सगळं डिग्रीशिवाय. (बायकोमुलीचं काय झालं हा प्रश्न मला दर वेळी पडतो नि वर्गात मुलीच तो विचारतात. त्यांनी स्वतः 'निवेदन' ह्या आत्मचरित्रात सगळं लिहिलंय, वाचा नि तुमचं तुम्ही ठरवा.)

त्यांच्याकडून उचलायची गोष्ट म्हणजे क्रम. आधी भाषा, मग ग्रंथ, मग त्या धर्माच्या माणसांमध्ये राहणं, नि व्याख्यानं सर्वात शेवटी. आजकाल उलटं चालतं, आधी पॅनेल डिस्कशन, मग जमलं तर पुस्तक.

तर भाषा. ह्यावर मी जरा वेळ घालवणार आहे कारण इथेच माणूस तरतो नाहीतर बुडतो. तुमच्या स्वतःच्या परंपरेची एक जुनी भाषा नीट शिका, म्हणजे संस्कृत, पाली, अरबी, लॅटिन, जी असेल ती, "थोडी येते" असं नको, डिक्शनरी घेऊन पान वाचता आलं पाहिजे. मग शेजाऱ्याची एक. आणि गोव्यात राहून करणार असाल तर पोर्तुगीज, त्याला पर्याय नाही. पणजीच्या पुराभिलेखात जुनी कागदपत्रं पडलीत, कोमुनिदादींची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था), देवळांच्या जमिनींची, इगर्जीची म्हणजे चर्चची, ती तुमची वाट बघतायत नि ती पोर्तुगीजमध्ये आहेत. पोर्तुगीज युनिव्हर्सिटीत शिकता येते, पणजीत फोंतेन्यातल्या फुंदासांव ओरिएंत ह्या पोर्तुगीज संस्थेतही चौकशी करा. मोडी आली तर सोन्याहून पिवळं. आणि रोमी लिपीतली कोकणी वाचायची सवय करा, इगर्जीतलं सगळं त्यातच असतं, आपण देवनागरीवाले तिथे पहिलं पान उघडून गोंधळतो, मी स्वतः पहिल्यांदा प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन तिसऱ्या ओळीला अडकले होते, नि बाजूच्या आठ वर्षांच्या पोराने बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं.

भाषेमुळे काय होतं त्याचं आपल्याच घरातलं उदाहरण म्हणजे फादर स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत आयुष्य काढलं, आणि १६१६ मध्ये राशोलला 'क्रिस्तपुराण' छापलं, चांगलं दहा हजारांवर ओव्यांचं, मराठीत, मधेमधे कोकणी. ओवी तीच, आपली. स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हणतो. मराठीच्या वर्गात आपल्याला ह्याचं मराठीप्रेम शिकवतात नि तिथेच थांबतात, पण धर्माच्या अभ्यासकाने पुढे जायचं असतं. हे पुराण का लागलं? तर नव्या ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद केली होती, मग त्यांनी वाचायचं ऐकायचं काय, म्हणून. म्हणजे भाषेवर प्रेम खरं, आणि हेतू धर्मप्रसाराचा हेही खरं. दोन्ही एकाच वाक्यात म्हणता येणं, आणि म्हणताना आवाज न चढणं, हीच ह्या धंद्यातली खरी परीक्षा. ज्याला फक्त अर्धं वाक्य म्हणता येतं त्याने राजकारणात जावं, तिथे मागणी आहे.

अजून एक गंमत. त्याच काळात जेजुइटांनी, म्हणजे स्टीफन्सच्याच संघाच्या कॅथलिक पाद्र्यांनी, रामायण-महाभारताच्या कथा कोकणी-मराठीत रोमी लिपीत उतरवून घेतल्या, आपल्या विरोधकांचे ग्रंथ कळावेत म्हणून. त्या वह्या आज पोर्तुगालात ब्रागाच्या लायब्ररीत आहेत. इथे तेव्हाच्या पोथ्या नष्ट झाल्या, नि ज्यांनी विरोध म्हणून लिहून घेतल्या त्यांच्याकडेच त्या टिकल्या. एमएच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा वर्गात दोन मिनिटं शांतता असते, मग कोणीतरी विचारतं, "मॅडम, परत मागता येतील?"

बरं, डिग्रीचं. कोसंबींचं डिग्रीशिवाय चाललं, तुमचं चालणार नाही. बीए कशातही चालेल, फिलॉसॉफी, इतिहास, संस्कृत, सोशियॉलॉजी, मराठी सुद्धा. गोव्यात फिलॉसॉफी शिकवणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे हट्ट नको. एमएला मात्र नीट विचार करा. इथे युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी आहे, संस्कृत आहे. बाहेर जायचं तर पतियाळाच्या पंजाबी युनिव्हर्सिटीत धर्म-अध्ययनाचा विभाग १९६७ पासून आहे, देशातला पहिला, दिल्लीत जामिया मिल्लियात तौलनिक धर्मांचं सेंटर आहे, शांतिनिकेतनात फिलॉसॉफीबरोबर तौलनिक धर्म आहे, पुण्यात पाली विभाग, भांडारकर संस्था, आणि कॅथलिक थिऑलॉजीसाठी ज्ञानदीप. हैदराबादला हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट आहे, इस्लामचा अभ्यास आणि आंतरधर्मीय संबंध हेच त्यांचं काम. पुण्याला आपली पोरं जातातच, खोलीचं भाडं जमलं तर जा, भाषेसाठी पुण्यासारखं गाव नाही, फक्त दुपारी एक ते चार काही विचारायला जाऊ नका.

नेटला हे विषय आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. फिलॉसॉफी तर आहेच, शिवाय 'कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स' असा वेगळा विषय आहे, बौद्ध-जैन-गांधी-शांतता अभ्यास असा एक जोडविषय आहे, इस्लामिक स्टडीज आहे, पाली आहे. एमएला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. पहिला पेपर १०० मार्कांचा सगळ्यांना सारखा, दुसरा २०० चा तुमच्या विषयाचा, एकूण तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, कळलं ना. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, आणि खरं सांगते, ह्या क्षेत्रात त्याहून सुखाचा काळ परत येत नाही. नेटचा स्कोर आता पीएचडीच्या ॲडमिशनलाही चालतो. सेट, म्हणजे नेटसारखीच राज्याची परीक्षा, पण द्या, गोव्याची सेट आहे, पण आपला विषय त्यात आहे का ते जाहिरात आली की बघा.

इथल्या सरकारी जागांसाठी १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणी यायलाच हवी, मराठी आली तर बरं असं जाहिरातीत असतं. ह्या ओळीवरून आमच्याकडे भांडणं होतात, मी त्यात पडत नाही, दाखला वेळेवर काढून ठेवा एवढंच सांगते, मामलेदार कचेरीत ऐनवेळी गेलात तर देव आठवतील, सगळ्या धर्मांचे.

इथपर्यंत जे सांगितलं ते कुठलाही करिअर काउन्सेलर सांगेल. आता पुढचं.

पायपीट सुरू करा, पहिल्याच वर्षापासून, पीएचडीची वाट बघत बसू नका. गोव्यासारखी जागा शोधून मिळणार नाही ह्या कामाला. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) नि शिरगावची लईराई देवी ह्या बहिणी, लोक सांगतात. सात बहिणी, लईराई, केळबाय, महामाया, मोरजाय वगैरे, त्यातली मिराबाय ती मिलाग्रीस झाली. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाला फेस्त असतं, तिथे तेलाच्या बाटल्या घेऊन जी रांग लागते त्यात कुंकू लावलेल्या बायका नि गळ्यात खुरीस (क्रॉस) असलेल्या बायका, कोण कोणाच्या पुढे ह्याचा हिशेब नाही. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची जत्रा. तिकडे दक्षिणेत फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, तिच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडांच्या म्हणजे कुळांच्या बारा छत्र्या, कुंकळ्ळीची ख्रिस्ती गांवकर घराणीही त्यात मान राखून. फोंड्यात साफा मशीद, १५६० ची, आदिलशाहीतली, तिच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी नेटचा अभ्यास केलाय.

जाऊन काय करायचं? पहिली दोन वर्षं काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही, बसायचं. मी पहिल्यांदा फील्डवर्कला म्हणून गेले ती वही, पेन, मोबाईलचा रेकॉर्डर, सगळं सजवून. एका घरी लदीन म्हणजे ख्रिस्ती घरातली सामूहिक प्रार्थना होती, बल्कांवात (ओसरीवर) बाया बसलेल्या, घरातली मावशी छान बोलत होती, लहानपणी आई तिला जत्रेला कशी न्यायची ते सांगत होती, आणि मी रेकॉर्डर पुढे सरकवला. मावशी एकदम ताठ बसली नि शाळेत उत्तर देतात तशी म्हणाली, "आमी सगळे धर्म समान मानतात." संपलं. पुढचा अर्धा तास तिने मला वर्तमानपत्रातलं संपादकीय ऐकवलं. मग मी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला, आत गेले, लदीनीनंतर वाटायचे उकडलेले चणे पातेल्यातून कागदाच्या पुड्यांत भरायला लागले, खोबऱ्याचे तुकडे प्रत्येक पुडीत तीन तीन जातायत का बघत, आणि चाळिसाव्या पुडीच्या आसपास मावशी माझ्याशेजारी येऊन बसली नि हळूच म्हणाली की जत्रेला जायचं ते आईचं बोललेलं होतं, नवस, धाकटा भाऊ आजारी होता तेव्हाचा, पाद्रीला सांगितलेलं नाही. माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणाचा जन्म त्या चण्यांच्या पातेल्यात झाला. नंतर तिची रीतसर परवानगी घेतली, नाव-गाव सगळं बदललं, छापण्याआधी तिला वाचून दाखवलं. ते करायचंच, त्यात हयगय नको. तुमच्या पेपरला मार्क मिळतील, पण ती त्या वाड्यावर राहते.

आता माणसांना एकत्र बसवण्याचं. माझा पहिला कार्यक्रम एका कॉलेजात, सांगायला लाज वाटते पण सांगते. एक मौलाना, एक पाद्री, एक कीर्तनकार बुवा, समई, बॅनर, बॅनरवर कबुतर. मी तारीख ठरवली शुक्रवार, वेळ दुपारी साडेबारा, कारण हॉल तेव्हाच रिकामा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते हे मला, तौलनिक धर्मावर पीएचडी करणाऱ्या बाईला, सुचलं नाही. वर रमजान चालू, आणि कॅथलिकांचा कोरेज्म म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, त्यातला शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. आणि मी चहाबरोबर सांगितल्या होत्या चिकन पॅटीस. बुवांना तर कांदाही चालत नव्हता. मौलाना पाच मिनिटं गोड बोलून उठले, पाद्रींनी पॅटीसकडे बघून पाणी मागितलं, बुवांनी स्वतःच्या पिशवीतलं केळं काढलं. साठ पॅटीस उरल्या. होस्टेलची पोरं त्या दिवशी सर्वधर्मसमभावावर फार खूश होती.

तेव्हापासून मी आधी तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवते, मगच तारीख. भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्यात सगळ्यांचे सण असतात, बघायची तेवढी तसदी घ्यायला हवी. खायला फळं आणि काळा चहा, सूर्यास्तानंतर. कंटाळवाणं आहे पण कोणी उपाशी जात नाही.

ह्या क्षेत्रात काही नियम जुन्या लोकांनी करून ठेवलेत ते पाठ करा. क्रिस्टर स्टेंडाल म्हणून स्वीडिश बिशप आणि हार्वर्डचे प्राध्यापक, त्यांनी तीन सांगितले: दुसऱ्या धर्माबद्दल विचारायचं तर त्या धर्माच्या माणसाला विचारा, त्याच्या वैऱ्याला नको, आपलं चांगलं नि त्यांचं वाईट अशी तुलना करू नका, आणि तिसरा मला सर्वात आवडतो, त्यांच्यात असं काही दिसू द्या की तुम्हाला त्याचा पवित्र हेवा वाटेल. मला कॅथलिकांच्या एकत्र गाण्याचा वाटतो. आमच्याकडे आरतीला प्रत्येक जण आपापल्या पट्टीत नि आपापल्या वेगात, शेवटी झांजवाला जिंकतो. लेनर्ड स्विडलर ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८३ मध्ये संवादाच्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यातली पहिली म्हणजे संवाद शिकायला करायचा, समोरच्याला बदलायला नाही. आणि पाद्री लोक ह्यात एवढे पुढे का दिसतात असं विचाराल तर १९६५ चं व्हॅटिकनचं 'नोस्त्रा एताते' हे निवेदन वाचा, छोटं आहे, एका बैठकीत होतं, चर्चने इतर धर्मांशी बोलायची भूमिका तिथे उघडपणे घेतली.

पण नियमांपेक्षा पहिला प्रश्न काय विचारता ह्यावर सगळं असतं. देव एक की अनेक, ह्याने सुरुवात केलीत तर दहा मिनिटांत सगळे पाठ केलेलं बोलायला लागतात. मी विचारते, तुमच्याकडे घरातलं माणूस गेल्यावर पहिले दिवस काय असतं? एकदा एका पंचायतीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण, खुर्च्या गोल, हाच प्रश्न. थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग एक म्हातारी सुरू झाली, सातव्या दिवसाची मिस (चर्चमधली प्रार्थना), महिन्याची मिस, मग कोणी दहावं-बारावं सांगितलं, मग टोपीवाले एक काका, जे तोवर दाराजवळच बसले होते, चाळिसाव्याचं सांगायला लागले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे चूल पेटत नाही, तर म्हातारी म्हणाली, आमच्याकडे पण शेजारीच पेज आणतात, आणि टोपीवाल्या काकांकडे बोट दाखवून, "ह्यांच्या आईने आणलेली, माझा घोव (नवरा) गेला तेव्हा." काकांना माहीतच नव्हतं. तीन तास झाले, वॉचमन किल्ल्या वाजवत उभा. मी त्या दिवशी मोजून चार वाक्यं बोलले असेन.

ह्याच्या उलटही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं पेजेवर भागतं. अकबराने फतेहपूर सिक्रीत १५७५ मध्ये इबादतखाना बांधला, धर्मांच्या चर्चेसाठी, आणि गोव्याहून पाद्री मागवले. १५८० मध्ये पोचले त्यांच्यात रोदोल्फो आक्वाविवा हा तरुण जेजुइट होता. तीन वर्षं बादशहाच्या दरबारात मुल्लांशी, पंडितांशी वाद-संवाद. १५८३ मध्ये तो गोव्यात परतला नि त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीत इगर्जीसाठी जागा बघायला गेला असताना गावकऱ्यांनी त्याला आणि त्याच्या चार जेजुइट सोबत्यांना ठार केलं. कारण त्या गावाची देवळं पोर्तुगीजांनी आधीच पाडली होती. मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं नि तिथे मारलं, सोळांपैकी एक तेवढा नदीत उडी टाकून वाचला असं सांगतात. बघा, देशातल्या सर्वात नामांकित संवादातून आलेला माणूस, आणि कुंकळ्ळीत पाऊल ठेवताना त्याच्या पाठीशी सैन्याने केलेलं सगळं उभं होतं. तुम्ही कोणाकडून आलात, तुमच्या मागे कोण आहे, हे समोरच्याला दिसतं. म्हणून मी आजही गावात जाताना सरकारी गाडी घेत नाही, आणि कार्यक्रमाला आमदार बोलावत नाही, त्यामुळे फळांचा नि चहाचा खर्च माझा मला करावा लागतो तो भाग वेगळा.

पैशाचं पटकन उरकते. पर्मनंट लागलात तर असिस्टंट प्रोफेसरचा मूळ पगार ५७,७०० पासून, वर भत्ते. त्याआधी लेक्चर बेसिस, म्हणजे जेवढी लेक्चरं तेवढे पैसे, मे महिना कोरडा, आणि बिल कुठल्यातरी टेबलावर अडकलेलं. माझं एकदा पाच महिने अडकलं होतं, जागेचं नाव घेत नाही, तेव्हा मी पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करून दिवस काढले. तो जोडधंदा आजही चालतो, जमिनीच्या केसवाल्या वकिलांना कायम लागतं. हेरिटेज वॉक करा, म्युझियमचं काम करा, शाळांसाठी लिहा. फक्त "वर्ल्ड पीस ॲम्बॅसिडर" वाल्या ईमेलला भुलू नका, पैसे भरा नि ऑनररी डॉक्टरेट घ्या असले धंदे ह्या क्षेत्रात फार आहेत, आमच्याकडे एकाने फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, आम्ही गेलो की मान खाली घालून चहा पितो.

खऱ्या संधी वेगळ्या. अमेरिकेत जाऊन शिकायला-संशोधनाला फुलब्राइट-नेहरू फेलोशिप आहे. कायसीड म्हणून संस्था आहे, धर्मसंवादावरच काम करते, व्हिएन्नातून २०२२ मध्ये लिस्बनला आली, त्यांची फेलोशिप असते, पोर्तुगीज शिकलात त्याचा तिथे भाजी आणायला तरी उपयोग होईल. विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोत बोलले ती धर्मपरिषद आजही भरते, २०१८ ला टोरांटोत झाली, २०२३ ला पुन्हा शिकागोत. जायचं तर स्वतःचं काही काम घेऊन जा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा युनोचा आंतरधर्मीय सलोखा सप्ताह असतो, कॉलेजात काही करायचं निमित्त म्हणून बरा आहे, प्रिन्सिपल सह्या लवकर करतात.

आणि जपून लिहा. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम पूर्वी २९५अ होतं, आता न्याय संहितेत २९९. भिऊन गप्प बसा असं म्हणत नाही, पण व्हॉट्सॲपवर रात्री अकरानंतर मूर्तीभंजन, धर्मांतर, इन्क्विझिशन (पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय) ह्यावर वाद घालू नका. इन्क्विझिशनवर लिहायचं तर १५६० ते १८१२ चा काळ कागद बघून लिहा, फॉरवर्ड बघून नको. तुमच्याच जातीतले, धर्मातले लोक पहिल्यांदा तुटतील, "आपलाच असून असं बोलतो" म्हणून. माझ्या काकांनी दोन चतुर्थ्या माझ्याशी अबोला धरला होता. तिसऱ्या चतुर्थीला नेवऱ्या कमी पडल्या तेव्हा हाक मारली.

तर ह्या आठवड्यात काय कराल? पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीचं कार्ड काढा, १८३२ पासूनची लायब्ररी आहे, गोव्यावरच्या पुस्तकांचा मजला शोधा नि महिनाभर तिथेच बसा. आणि ईस्टर कधी आहे ते बघून म्हापशाच्या सोमवारी रिकामे राहा.

ह्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला असंच पाठवलं होतं, वही न नेता. दुपारी तिचा मेसेज. "मॅडम, माझ्या पुढच्या बाईला तुम्ही दर वर्षी येता का विचारलं, तर तिने तेलाची बाटली माझ्या हातात दिली नि फुलं आणते म्हणून गेली. अर्धा तास झाला. रांग पुढे सरकतेय. काय करू?"

मी लिहिलं, धरून ठेव, जागा सोडू नको.